साथसंगतीचा खर्च कोणी उचलावा?

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यशाची यादी छापण्याची जुनी प्रथा आहे. त्या यादीत डॉक्टर असतात, अभियंते असतात, शिक्षक, परिचारिका, पोलीस अधिकारी, बँकेतील कर्मचारी असतात. त्यांच्याबद्दलचा अभिमान रास्तच आहे. परंतु संगीत हा विषय घेऊन विद्यापीठापर्यंत गेलेल्या मुलामुलींची नोंद अशा याद्यांत बहुधा ‘कलाक्षेत्र’ या एका शब्दात उरकली जाते. वंदनेला सूर लावणारी, स्नेहसंमेलनात स्वागतगीत गाणारी, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ढोलकी धरणारी ही मुले शाळेला हवी असतात. शाळा सुटल्यावर त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. संगीत शिकलेले आणि शिकवणारे आम्ही काही जण या अंकाच्या निमित्ताने तोच प्रश्न समाजापुढे ठेवू इच्छितो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. संगीताच्या पदवीचा अभ्यास करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला महाविद्यालयाचे शुल्क सहसा अडवीत नाही. वाद्याची किंमत त्याला काही काळ अडवते. परंतु त्याला खऱ्या अर्थाने मागे ठेवते ती साथसंगतीची उणीव, कारण तो खर्च दर आठवड्याला नव्याने उभा राहतो. आपल्या समाजाची दानत मोठी असली तरी ती बहुतेक वेळा एकदाच्या देणगीची आहे, आणि म्हणून ती नेमकी या ठिकाणी पोहोचत नाही.

संगीताची गोष्ट नाशिक जिल्ह्यात काढायची आणि वामनदादांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा कर्डक मुंबईत गिरणी कामगार होते. अक्षरओळखही त्यांना मोठेपणीच झाली. त्यांच्याआधी, १९३० च्या दशकात, याच जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी जलशाच्या रूपाने बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा ज्या भूमीत झाली, त्या भूमीत चळवळीची गाणीही जन्मली. ढोलकी, पेटी, टाळ, तुणतुणे एवढ्या सामग्रीवर, कोणत्याही विद्यापीठाचे प्रमाणपत्र हाती नसताना, या कलावंतांनी लाखो माणसांना जागे केले.

मग आता पदवी कशाला, असे काही ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्याचे उत्तर सरळ आहे. वामनदादांच्या पिढीला शाळेचे दार बंद होते म्हणून त्यांनी शाळेबाहेर विद्या मिळवली. ते दार बंद असणे ही काही परंपरा म्हणून जपण्याची गोष्ट नव्हे. आज संगीत शिक्षकाची जागा, महाविद्यालयातील अध्यापन, संशोधन, आकाशवाणीची श्रवणचाचणी, या सगळ्या वाटा रीतसर शिक्षणातून जातात. शिवाय आपल्या जलशांच्या चाली, त्यांचे ठेके, त्यांच्या गायकीचा इतिहास शास्त्रशुद्ध रीतीने लिहायचा असेल, तर ते काम आपल्या मुलांनी विद्यापीठात बसून करावे हेच योग्य.

दुसरा एक आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. अष्टशीलात नृत्य, गीत आणि वादन यांपासून दूर राहण्याचे शील आहे. मग बौद्ध संस्थेने संगीताला आश्रय द्यावा का? हे शील उपोसथाच्या दिवसाचे आणि प्रव्रजितांच्या जीवनाचे आहे; गृहस्थाच्या पंचशीलात ते नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा छेडीत गातो, तेव्हा तथागत त्याच्या तारांचा स्वर गाण्याशी आणि गाण्याचा स्वर तारांशी कसा एकरूप झाला आहे, याची प्रशंसा करतात. भगवंतांनी वाखाणलेली ही गोष्ट संगीताच्या भाषेत साथीचीच आहे. सोण भिक्खूला दिलेला वीणेचा दृष्टांत तर आपण प्रत्येक व्यासपीठावरून ऐकतो: तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पण ज्या मुलाच्या हाती वीणाच नाही, त्याने कोणती तार जुळवावी?

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. अनुदानित महाविद्यालयात कला शाखेचे शुल्क तुलनेने कमी असते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असल्यास, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ आखणीत भोजन, निवास आणि निर्वाह यांसाठी पुण्या-मुंबईत वर्षाला ६०,००० रुपये आणि नाशिकसारख्या अन्य महापालिका क्षेत्रात ५१,००० रुपये धरलेले आहेत. या योजना मोलाच्या आहेत आणि त्यांचा लाभ प्रत्येक पात्र विद्यार्थ्याने घेतलाच पाहिजे. पण त्याच स्वाधार योजनेत शैक्षणिक साहित्यासाठी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शाखेला ५,००० रुपये, तर इतर सर्व शाखांना २,००० रुपये आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याला वह्या, पुस्तके आणि झेरॉक्स यांपलीकडे काय लागणार, असे गृहीत धरून हा आकडा ठरला असावा. संगीताच्या विद्यार्थ्याचे काय होते, ते पाहू.

गाणाऱ्याला तानपुरा लागतो. आपल्याकडे तानपुऱ्याचे माहेर मिरज. सोलापूर जिल्ह्याच्या बाजूने येणारे मोठे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात यांतून तिथे तानपुरा घडतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. असे वाद्य शेतमजुराच्या किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्या कामगाराच्या घरात सहजी येत नाही. आले तरी ते सांभाळावे लागते. तारा तुटतात, पावसाळ्यात खुंट्या फुगतात, जवारी बिघडते आणि ती काढणारा जाणकार प्रत्येक गावात नसतो. तबल्याचेही तसेच. मुलीचा आवाज काळी चार किंवा पांढरी पाचचा, मुलाचा काळी एक किंवा पांढरी दोनचा. एकच दायाँ दोन्ही पट्ट्यांना लागत नाही. लहान तोंडाचा एक आणि मोठ्या तोंडाचा एक असे निदान दोन दायें लागतात. शाई उडाली की पुडी बदलावी लागते, वादी सैल होते, आणि रोज चार तास हात चालवणाऱ्याला हा खर्च वर्षातून एकदा येऊन थांबत नाही.

आता मोबाइलमध्ये तानपुरा मिळतो, तबल्याचा ठेकाही मिळतो. मग अडचण कुठे आहे, असे कोणी म्हणेल. ही साधने उपयोगी आहेत. आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांवर रियाझ केला आहे आणि पुढेही करू. पण यंत्राचा ठेका गाणाऱ्याचे ऐकत नाही. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांत ख्याल मांडताना गायक कुठे रेंगाळतो, कुठे बोल ओढून समेवर येतो, कुठे चुकतो आणि सावरतो, हे समोरच्या तबलजीला कळते आणि तो त्याप्रमाणे हात आवरतो किंवा मोकळा सोडतो. पेटीवाला गायकाची हरकत उचलतो, पुढच्या जागेची वाट दाखवतो. तबला शिकणाऱ्याला उलट बाजूने नगमा धरणारा लागतो. त्याच्या स्थिर आवर्तनावर कायदा, रेला, तुकडे तोलून पाहावे लागतात. ही देवघेव माणसासमोरच शिकता येते. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक नेमके हेच पाहतात. वर्षभर यंत्राबरोबर गायलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी प्रथमच अनोळखी साथीदाराबरोबर बसते. पहिल्या दोन आवर्तनांतच तिचा आत्मविश्वास ढळतो, आणि गुणपत्रिकेवर ती ‘तालात कच्ची’ ठरते.

विद्यापीठाच्या संगीत विभागात जिथे संगतकार नेमलेले असतात, तिथे ते वर्गाच्या वेळेपुरते आणि सर्व विद्यार्थ्यांत वाटलेले असतात. जिथे पद रिकामे असते, तिथे तेवढेही नाही. बाकीची साथ ज्याची त्याने मिळवायची. आणि इथेच घराघरातला फरक दिसतो. ज्या घरात गाणे दोन-तीन पिढ्यांचे आहे, त्या घरी काका पेटी वाजवतात, शेजारचा मुलगा संध्याकाळी तबला घेऊन येतो, चहा होतो आणि दोन तास बसणे होते. त्या बैठकीचा खर्च कोणत्याही वहीत मांडला जात नाही, कारण तो ओळखीतून भागतो. आपल्या वस्तीतून पहिल्यांदाच या क्षेत्रात गेलेल्या मुलीकडे ही ओळख नसते. तिला साथीदार पैसे देऊन बोलवावा लागतो. तो आला तरी बसवायचे कुठे, हा पुढचा प्रश्न. वसतिगृहात पहाटेचा खर्ज लावला की शेजारच्या खोलीतून तक्रार होते. भाड्याच्या खोलीत घरमालक ताकीद देतो. गुणवत्ता सारखी असूनही दोन विद्यार्थ्यांत तीन वर्षांत पडणारे अंतर हे पुष्कळदा न मिळालेल्या बैठकांचे अंतर असते.

यात आणखी एक पेच आहे आणि तो आपल्याच समाजातला आहे. एप्रिल महिन्यात जयंतीच्या कार्यक्रमांना आपल्या वादक मुलांना मोठी मागणी असते. ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड वाजवणारा मुलगा त्या महिन्यात जे मिळवतो त्यावर त्याचे पुढचे काही महिने निघतात. नेमक्या त्याच सुमारास वर्षअखेरीच्या परीक्षांची तयारी चाललेली असते. जागरण करून आलेला मुलगा सकाळी विभागात पोहोचत नाही. पोहोचला तरी गळा बसलेला किंवा बोटे सुजलेली. त्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्या जयंतीसाठी तो राबतो, त्या जयंतीने त्याच्या शिक्षणाची सोय करू नये, हे आम्हाला पटत नाही.

या शहरात संगीतशिक्षणाचा एक मोठा प्रयोग विसावलेला आहे. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, पुढे ते मुंबईत आणले. होतकरू पण निर्धन विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याची सोय देऊन त्यांनी शिकवले; बैठकांचे उत्पन्न आणि लोकांची वर्गणी यांवर संस्था चालवली. परंतु मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि ती इमारत लिलावात गेली. पंडितजी नाशिकला पंचवटीत आश्रम करून राहिले. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेले गांधर्व महाविद्यालय मंडळ आजही प्रारंभिक ते अलंकार अशा परीक्षा घेते. आपल्या शाळेतील मुले ज्या परीक्षांना बसतात त्या याच परंपरेतल्या. या इतिहासातून आम्ही एक व्यावहारिक धडा घेतो. एका थोर माणसाच्या परिश्रमावर आणि वर्षावर्षाच्या मिळकतीवर उभे केलेले काम, मागे सुरक्षित निधी नसेल, तर किती संकटात येऊ शकते, हे त्या लिलावाने दाखवले.

निधी कसा असावा, याचा नमुनाही नाशिकमध्येच दगडावर कोरलेला आहे. त्रिरश्मी लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या विहारात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. लेणे संघाला दान देऊन तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली, म्हणजे जिचे मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, केवळ व्याज उपभोगायचे, अशी ठेव. त्यातले २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या दराने. १,००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, पाऊण या दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. दुसऱ्या ठेवीचे व्याज इतर गरजांसाठी. हिशेब करून पाहा: दोन हजारांवर शेकडा एक, बारा महिन्यांचे २४० होतात, आणि वीस जणांना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. हे सर्व निगमसभेत जाहीर करून नोंदवले, असेही लेखात सांगितले आहे. गोवर्धन गाव आजही नाशिकच्या शेजारी आहे, आणि शाळेची सहल दरवर्षी त्या लेण्यांवर जाते. उषवदाताला कळले होते की लेणे एकदा कोरले की झाले, पण चीवर दरवर्षी झिजते.

तबल्याची पुडी आणि साथीदाराची बिदागी ही विद्यार्थ्याची चीवरे आहेत. म्हणून आमची सूचना अशी की, शाळेच्या या स्मरणवर्षी ‘संगत निधी’ या नावाने एक अक्षय ठेव उभी करावी. एक हजार माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक हजार रुपये दिले तर दहा लाख होतात. मुदत ठेवीवर वर्षाला सहा टक्के व्याज धरले तर ६०,००० रुपये. एका बैठकीची बिदागी ५०० रुपये धरली तर १२० बैठका. म्हणजे चार विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीस. शैक्षणिक वर्षातील बहुतेक प्रत्येक आठवड्याला एक बैठक आणि परीक्षेच्या दिवशी ओळखीचा साथीदार. मुद्दल अबाधित राहील. हिशेब दरवर्षी वर्षावासाच्या समाप्तीला शाळेच्या फलकावर लावावा. निगमसभेत नोंद करण्याची रीत आपल्या मातीतलीच आहे.

निधीच्या जोडीला शाळेत वाद्यांची पेढी असावी. घरोघर माळ्यावर पडून असलेल्या पेट्या, तबले, तानपुरे गोळा करावेत, दुरुस्त करावेत आणि पदवी पूर्ण होईपर्यंत विद्यार्थ्याला नोंद करून वापरायला द्यावेत. नव्या वाद्याचा उद्घाटन सोहळा करण्यापेक्षा जुन्या वाद्याची जवारी काढून देणे कमी खर्चाचे आणि अधिक उपयोगाचे आहे. नाशिक शहरात असलेल्या विद्यार्थ्यांना शाळेची एक खोली पहाटे पाच ते आठ रियाझासाठी उघडी ठेवता येईल. यासाठी तर पैसाही लागत नाही.

बिदागीबाबत आमचा एक आग्रह आहे. साथीदाराला ‘समाजाचे काम आहे’ असे सांगून फुकट बसवू नये. कलावंताच्या कष्टाला कार्य म्हणायचे आणि मोबदला द्यायचा नाही, ही जुनी रीत आपल्या माणसांनी पुष्कळ सोसली आहे. उलट जयंतीच्या मोसमावर जगणाऱ्या आपल्याच वादक मुलांना या निधीतून वर्षभर नियमित बैठका मिळाल्या, तर त्यांनाही आधार होईल आणि शास्त्रीय साथीचे शिक्षण मिळेल. एकाच रुपयात दोन विद्यार्थी शिकतील.

शाळेनेही काही गोष्टी वेळेत कराव्यात. केंद्र शासनाची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे नेमकी आपल्या पाचवी ते आठवीच्या वर्गांसाठी. १८ ते २५ वयोगटासाठी सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती आहे. तिच्यात दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात, पण गुरूकडे किमान पाच वर्षे शिकल्याचा पुरावा लागतो. तो पुरावा शाळेत असतानाच तयार व्हायला हवा. अनेक पालक दहावीच्या वाढीव गुणांसाठी मुलांना संगीताच्या परीक्षांना बसवतात आणि गुण मिळाले की पेटी बंद करतात. गुण मिळवण्यात गैर काही नाही; पण ज्या एका-दोघांचा गळा किंवा हात खरोखर वेगळा आहे, त्यांना ओळखून त्यांच्या पालकांशी बोलणे हे शिक्षकांचे काम आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो टाळणे योग्य नाही. ज्या समाजातील मुलांना अजून अभियांत्रिकीचे शुल्क भरणे कठीण जाते, त्या समाजाने गाण्यावर पैसा का घालावा? आमचे उत्तर असे की, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यासाठी अपुरी का होईना, शासनाची आणि बँकेची काही व्यवस्था आहे. साथसंगतीसाठी शिष्यवृत्तीत रकाना नाही आणि बँक कर्ज देत नाही. जिथे दुसरे कोणीही उभे राहत नाही, तिथे समाजाने उभे राहावे, यालाच आपण दान पारमिता म्हणत आलो आहोत. आणि रक्कमही काही अवाढव्य नाही. मिरवणुकीतील एका रात्रीच्या ध्वनियंत्रणेवर जो खर्च होतो, त्याचा काही भाग प्रत्येक मंडळाने दरवर्षी या ठेवीत टाकला तरी ती वाढत जाईल.

जलशांच्या काळात आपल्या कलावंतांनी समाजाला साथ दिली. गावोगावी पायी जाऊन, मिळेल ते खाऊन, रात्र रात्र गाऊन दिली. आता त्यांची नातवंडे विद्यापीठाच्या वर्गात तानपुरा मांडून बसली आहेत. त्यांच्या शेजारची साथीदाराची जागा रिकामी राहू नये, एवढे आपल्या हातात आहे. या अंकाच्या वाचकांनी आपले म्हणणे आणि शक्य असल्यास आपला पहिला हजार रुपयांचा वाटा शाळेच्या कार्यालयात पोहोचवावा, ही विनंती.

सविनय जय भीम, नमो बुद्धाय.